पाणी आपले होईपर्यंत

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा प्रथम संकोच वाटला. संस्थेच्या उभारणीचा इतिहास सांगण्याचा अधिकार ज्येष्ठांचा आहे. निकालांचे आणि इमारतींचे तपशील मुख्याध्यापकांच्या अहवालात येतीलच. मी इतिहासाचा शिक्षक. वर्गातील अध्यापनाबरोबर काही वर्षे वसतिगृहाच्या अधीक्षकपदाची जबाबदारीही माझ्याकडे होती. त्या काळात माझ्या हातून घडलेली एक चूक आणि तिने मला दिलेला धडा, एवढेच मी येथे नोंदवणार आहे. ती चूक माशांसंबंधी होती. निदान त्या वेळी मला तसेच वाटले होते.

आपल्या अभ्यासिकेच्या दारालगत तीन फूट लांबीची काचेची टाकी आहे. तीत दोन गोल्डफिश आहेत. शाळेत येणारा पाहुणा तिच्यापाशी क्षणभर थांबतो. नव्याने आलेली लहान मुले तर वंदनेची घंटा होईपर्यंत तेथून हलत नाहीत. त्या जागी पूर्वी फूटभर लांबीची एक छोटी पेटी होती. तीत जेमतेम बारा लिटर पाणी मावे आणि त्या पाण्यात पाच गोल्डफिश दाटीवाटीने राहत. 2019 सालच्या एप्रिलमध्ये आपल्या एका माजी विद्यार्थ्याने ही मोठी टाकी शाळेला भेट दिली. तीत शंभर लिटरहून अधिक पाणी मावते. बारा लिटरांतून शंभर लिटरांत जाणे म्हणजे माशांचे भाग्यच उजळले, असे मला वाटले. चौदा एप्रिलला जयंतीचा कार्यक्रम होता. पाहुणे येणार होते. त्याआधी टाकी सजून तयार असावी, असा माझा आग्रह होता. त्या आग्रहातच चुकीचे मूळ होते.

छोट्या पेटीची निगा राखण्याचे काम सहावीतल्या एका मुलाकडे होते. तो बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडणीचे मजूर. दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारे. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये तो शाळेत दाखल झाला आणि पंधरा दिवसांच्या आत पळून गेला. संध्याकाळी तो स्वारगेटच्या एसटी स्थानकात एका खांबाला टेकून बसलेला सापडला. गावाकडे कोणती गाडी जाते हे त्याला ठाऊक नव्हते, आणि विचारण्याचा धीरही झाला नव्हता. त्याला परत आणताना रिक्षात मी बरेच बोललो. एवढी चांगली शाळा, पक्की इमारत, दोन वेळचे जेवण, ग्रंथालय, हे सारे मिळाले असताना पळावेसे का वाटते, हे मला खरोखरच समजत नव्हते. तो काही बोलला नाही. त्याचे मन रमावे म्हणून पुढे मी माशांचे काम त्याच्यावर सोपवले. सकाळी वंदना झाली की तो चिमूटभर खाद्य मोजून टाकी आणि मासे खात असताना पेटीच्या काचेला नाक लावून उभा राही.

स्थलांतराचा दिवस मी शुक्रवार ठरवला. आदल्या दिवशी, गुरुवारी, शहराचा पाणीपुरवठा देखभालीसाठी बंद होता. पुणेकरांना हा गुरुवार चांगला परिचयाचा आहे. शुक्रवारी सकाळी नळाला पाणी आल्यावर आम्ही टाकी भरायला घेतली. अर्धे पाणी थेट नळाचे, उरलेले गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाकीतले. एप्रिलच्या उन्हात ते पाणी हाताला कोमट लागत होते. जुन्या पेटीतले खडे मी मुलांकडून नळाखाली घासून स्वच्छ करवून घेतले. पाणी गाळणाऱ्या यंत्रातला तपकिरी, बुळबुळीत झालेला स्पंज मी स्वतः पांढरा होईपर्यंत धुतला आणि उन्हात वाळवला. नव्या घरात जुनी घाण कशाला, असे म्हणाल्याचेही मला स्मरते. मग जाळीने एकेक मासा उचलून नव्या टाकीत सोडला. पाऊण तासात काम आटोपले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. आम्हाला वाटले, भूक लागली असेल. आम्ही आणखी खाद्य टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे मेलेले होते. चौथ्या दिवशी तिसरा गेला. जयंतीच्या दिवशी शंभर लिटर स्वच्छ पाण्यात दोन मासे तळाशी एका कोपऱ्यात निपचित होते. पाहुण्यांनी टाकीचे कौतुक केले. त्या मुलाने रात्री जेवण घेतले नाही. मी त्याला शोधत अभ्यासिकेत गेलो, तेव्हा तो टाकीसमोर बसला होता. त्याने मला एकच विचारले, “सर, बारक्या पेटीत वर्षभर जगले. मोठ्या टाकीत आल्यावर कशानं मेले?”

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. इतिहासाच्या शिक्षकाला उत्तर ठाऊक नसले की तो साधनांकडे वळतो. मी आपल्या विज्ञानाच्या बाईंकडे गेलो, आणि त्यांच्या सल्ल्याने शोभिवंत मासे विकणाऱ्या एका वयस्कर दुकानदाराकडे. त्याने माझी सारी हकीकत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “सर, मासे सांभाळायचे नसतात, पाणी सांभाळायचं असतं. पाणी सांभाळलं की मासे आपोआप राहतात. तुम्ही पाणी मारलंत, मग मासे मेले.”

पाणी मारणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला काही दिवस लागले. जे समजले ते येथे सांगतो, कारण आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आज मासे आहेत आणि माझीच चूक त्यांच्याही हातून सहज होऊ शकते.

मासा पाण्यात श्वास घेतो आणि त्याच पाण्यात मलही टाकतो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर पडत असतो. उरलेले खाद्य कुजते, त्यातूनही तोच निर्माण होतो. अमोनिया विषारी आहे. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो. काचेच्या पेटीत जायला जागा नसते. असे असूनही जुन्या पेटीत मासे जगतात, कारण तेथे डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्तीला आलेले असतात. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो. हे नायट्राइटही घातकच. ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. ते पुष्कळच सौम्य असते आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. जमिनीत आणि पाण्यात अविरत चालणारे हे कार्य जिवाणूंचे आहे, हे विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खड्यांवर, काचेवर आणि मुख्यतः गाळणीच्या स्पंजात घर करून असतात. मी ज्याला घाण समजून धुऊन टाकले, तीच त्या पाच जिवांना जगवणारी वस्ती होती. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने आणि उन्हाने मी ती मुळासकट नष्ट केली. क्लोरीनला दोष देता येणार नाही. आपल्या चारपाचशे मुलांना पोटाचे आजार होत नाहीत, याचे बरेचसे श्रेय त्यालाच आहे. परंतु जे माणसाला तारते ते माशाच्या नाजूक कल्ल्यांना जाळते. त्यात भर म्हणजे गच्चीवरचे तापलेले पाणी. मासा शीतरक्ताचा प्राणी. त्याच्या शरीराचे तापमान पाण्याप्रमाणे बदलते. एकदोन अंशांचा फरक तो सावकाश सोसतो, पाच-सहा अंशांचा एकदम फरक त्याला हादरवतो. शिवाय मी जाळी वापरली होती. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे रोगांपासूनचे कवच असते आणि जाळीने तो खरवडला जातो. म्हणजे एका सकाळीत मी चार आघात केले होते आणि पाचवा, जादा खाद्याचा, संध्याकाळी दिला होता. टाकी मोठी होती एवढीच एक गोष्ट माशांच्या बाजूने होती. ती पुरली नाही.

उरलेल्या दोन माशांचे काय करावे, यावर मुलांत चर्चा झाली. काहींनी सुचवले की त्यांना नदीत सोडून द्यावे. आपण पंचशील म्हणतो, जीवहिंसेपासून अलिप्त राहण्याचे व्रत घेतो, तर त्यांना मुक्त करणे हेच योग्य. सूचना चांगल्या मनातून आली होती, म्हणून तिचे उत्तरही नीट द्यायला हवे होते. मी त्या दिवशी वर्गात गोल्डफिशचा इतिहास शिकवला. या माशाचे मूळ चीनमध्ये आहे. करड्या रंगाच्या, कार्प कुळातील एका साध्या माशात अधूनमधून तांबूस-सोनेरी पिल्ले निपजत. तांग राजवटीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत, असे वेगळे दिसणारे मासे बौद्ध विहारांच्या तळ्यांत आणून सोडण्याची प्रथा होती. तेथे त्यांना कोणी पकडत नसे, मारत नसे. रानात वेगळ्या रंगाचा मासा शत्रूच्या नजरेस लवकर पडतो. विहाराच्या तळ्यात तो जगला आणि वाढला. पुढे सुंग काळात राजवाड्यांच्या तळ्यांत त्याची मुद्दाम पैदास झाली, आणि मिंग काळात तो भांड्यांत येऊन पोहोचला. करुणेच्या तळ्यात वाचलेला जीव शेवटी शोभेच्या वाडग्यात कोंडला गेला. इतिहासात असे अनेकदा घडते.

परंतु विहाराचे तळे आणि आपली नदी यांत फरक आहे, हेही मी मुलांना सांगितले. तळ्यावर भिक्षूंची देखरेख होती. मुठेत सोडलेल्या माशावर कोणाची देखरेख असणार? 1942 साली ए. जी. एल. फ्रेझर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर लेख लिहिले. त्यांनी पाहिलेल्या नदीत आणि पुलावरून आज आपण नाक दाबून पाहतो त्या नदीत मोठे अंतर पडले आहे. त्यातूनही परका मासा जगलाच, तर तो मूळच्या माशांच्या जिवावर उठतो. घरच्या टाकीत मोठा झाला म्हणून तळ्यात सोडलेला काच चाटणारा सकर मासा आज देशाच्या अनेक भागांतील जलाशयांत मासेमारांची डोकेदुखी होऊन बसला आहे. ज्याची जबाबदारी आपण घेतली, त्याला दृष्टीआड करणे म्हणजे मुक्त करणे नव्हे. मुलांना हे पटले. उरलेले दोन मासे पुन्हा छोट्या पेटीत गेले आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

त्या दुकानदाराने निघताना मला एका पिशवीत आपल्या निरोगी टाकीतला जुना स्पंज पाण्यासकट बांधून दिला होता. दिसायला किळसवाणा; पण त्याने तो ज्या काळजीने बांधला, ती पाहून मी तो दोन्ही हातांत धरून आणला. अर्धा स्पंज छोट्या पेटीत ठेवला, अर्धा मोठ्या टाकीच्या गाळणीत. मोठी टाकी आम्ही पूर्ण रिकामी करून तिच्या जागेवर पाणसळ लावून पाहिली आणि तळाशी थर्माकोलचा ताव घातला. भरलेल्या टाकीचे वजन सव्वाशे किलोंच्या पुढे जाते. एकदा भरली की ती हलवायची नसते, आणि तळ किंचित जरी तिरपा असला तरी काचेच्या सांध्यांवर ताण येतो. मग बादल्यांत एक दिवस उघडे ठेवलेले पाणी तीत भरले. क्लोरीन उडून जावा म्हणून त्या बादल्यांत हवेची नळी सोडली होती. घाई असेल तेव्हा दुकानात मिळणारे क्लोरीननाशक थेंब मापाने घातले तरी चालतात.

मे महिन्याची सुट्टी लागली. मुले गावी गेली. मी आणि स्वयंपाकघरातील दोघे असे तिघेच मागे राहिलो. छोट्या पेटीतले तिसरा हिस्सा पाणी मी रोज बदलत असे. मोठ्या टाकीत मासा नव्हता, तरी रोज खाद्याचे दोन कण टाकत होतो. ते कुजावेत, त्यांचा अमोनिया व्हावा आणि जिवाणूंना अन्न मिळून त्यांची वस्ती वाढावी, हा हेतू. बाईंनी तपासणीचे थेंब आणून दिले होते. परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकले की रंगावरून प्रमाण कळते. पहिल्या आठवड्यात अमोनियाचा रंग चढला, पुढे तो उतरू लागला आणि नायट्राइटचा चढला. नवी टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. जुना स्पंज असेल तर थोडे लवकर होते. दोन्ही रंग उतरून सलग आठ दिवस शून्यावर राहतील, तोवर मासा सोडायचा नाही असे ठरले होते. रिकाम्या टाकीसमोर रोज संध्याकाळी उभे राहून मी वाट पाहत होतो.

त्या रिकाम्या संध्याकाळीच मला काही गोष्टी आठवू लागल्या.

वसतिगृहात नवा मुलगा आला की त्याच्यासाठी आमची एक ठरलेली पद्धत होती. तिचा कर्ता मीच होतो. पहिल्याच दिवशी केस कापायचे, आंघोळ घालायची, घरचे कपडे गाठोड्यात बांधून कोठीत ठेवायचे आणि गणवेश द्यायचा. पहिला महिनाभर घरी फोन नाही, म्हणजे सवय लवकर लागते. एकाच तालुक्यातली मुले एका खोलीत ठेवायची नाहीत, म्हणजे ती आपल्या बोलीत न बोलता शुद्ध बोलायला शिकतील. या सगळ्यामागे दुष्टपणा नव्हता. आपल्या मुलांना या शहरात कोणी नावे ठेवू नयेत, ही त्यामागची तळमळ होती. परंतु त्या बीडच्या मुलाच्या गाठोड्यात एक वाकळ होती, आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. मळकी आहे म्हणून मी ती काढून घेतली होती आणि त्याला वसतिगृहाची नवी, पांढरी चादर दिली होती. पंधरा दिवसांनी तो स्वारगेटला सापडला. रिक्षात मी त्याला पक्क्या इमारतीचे गुण सांगत होतो.

मला स्वतःचेही दिवस आठवले. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून एम. ए. करण्यासाठी मी पुण्याला आलो, तेव्हा विद्यापीठाचे ते विस्तीर्ण आवार, ती दगडी इमारत आणि ग्रंथालयातली शांतता पाहून छाती दडपली होती. पहिले काही महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. उच्चारावरून कोणी हसेल ही धास्ती होती, आणि एकदा तसे हसणे ऐकलेही होते. मी परत गेलो नाही, याचे श्रेय माझ्या निर्धाराला देण्याची मला सवय होती. त्या मे महिन्यात मात्र स्पष्ट आठवले की माझे मामा दापोडीला राहत. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. दर रविवारी मी त्यांच्याकडे जात असे. मामी भाकरी आणि सुकटीची चटणी वाढत, मामा गावच्या भावकीच्या गोष्टी सांगत आणि मी माझ्या भाषेत पोटभर बोलत असे. सोमवारी पुन्हा ग्रंथालयात जाण्याचे बळ तिथून येई. ती दोन खोल्यांची चाळ माझ्यासाठी काय होती, हे मला त्या बुळबुळीत स्पंजाकडे पाहताना कळले.

मासे पाळणाऱ्यांत एक समज आहे की गोल्डफिश पात्राएवढाच वाढतो. लहान पात्रात ठेवला की तो आपसूक लहान राहतो. हे खरे नाही. नीट पाणी मिळाले तर तो वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. कोंदट, दूषित पाण्यात त्याची वाढ खुंटते आणि आयुष्यही तुटते. खुंटलेल्या वाढीला त्याची प्रकृती म्हणणे हा पाहणाऱ्याचा दृष्टिदोष आहे. आपल्या समाजातील मुलांविषयी ‘त्यांची कुवतच तेवढी’ असे म्हणणारे शहाणे मी आयुष्यभर ऐकले आहेत. त्यांना उत्तर म्हणून आपण मोठ्या टाक्या बांधल्या, शाळा काढल्या, वसतिगृहे उभारली. ते करणे आवश्यकच होते. परंतु टाकी बांधली म्हणजे काम संपले, असे माझ्यासारख्या कार्यकर्त्यांनी नकळत मानले, तेथे आमची चूक झाली.

इतिहासाने तरी मला हे शिकवायला हवे होते. 1868 साली जोतीराव फुल्यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. 1923 साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव संमत केला आणि पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर पाणी आपले झाले. तरीही 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चालत जाऊन ओंजळ भरेपर्यंत ते पाणी आपले नव्हते. ठराव आणि ओंजळ यांच्यामधले अंतर चालून जावे लागते, आणि तेही एकट्याने नव्हे. हे मी वर्गात दरवर्षी शिकवत आलो होतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळा उघडली. टाकीतले दोन्ही रंग शून्यावर स्थिर होते. तो मुलगा परत आला तेव्हा मी कोठीतून त्याची वाकळ काढून त्याच्या हातात दिली आणि माझे चुकले असे त्याला सांगितले. त्याने ती उलगडली, तोंडाशी नेली. वर्षभर डांबराच्या गोळ्यांत राहिलेली ती. तो म्हणाला, “सर, हिचा वास गेला.” एवढेच. मग त्याने ती घडी करून आपल्या गादीवर ठेवली. काही गोष्टी वेळेवर परत केल्या नाहीत तर अर्ध्याच परत होतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही मासे हलवले. या वेळी सारे काम त्याने केले, मी केवळ बाजूला उभा होतो. आदल्या संध्याकाळपासून माशांना खाद्य दिले नव्हते, म्हणजे स्थलांतराच्या धकाधकीत ते पाणी खराब करणार नाहीत. अभ्यासिकेतले दिवे मालवले. कधीही साबण न लागलेल्या बादलीत छोट्या पेटीतले पाणी काढून घेतले. स्टीलचा मोठा वाडगा पाण्यात बुडवून, मासा आपणहून आत येईपर्यंत वाट पाहून, दोन्ही मासे पाण्यासह उचलले आणि बादलीत ठेवले. वर वर्तमानपत्र झाकले, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. मग मोठ्या टाकीतून हवेची बारीक नळी बादलीत आणली आणि तिला सैल गाठ मारली. थेंब थेंब नवे पाणी जुन्या पाण्यात पडू लागले. बादलीतले पाणी दुप्पट झाले की निम्मे काढून टाकायचे आणि पुन्हा तेच. दोन्ही पाण्यांचे तापमान मोजले. फरक अर्ध्या अंशाचा राहिला. या सगळ्याला तासाहून अधिक वेळ गेला. दरम्यान छोट्या पेटीतला स्पंज, न धुता, ओला असतानाच मोठ्या टाकीच्या गाळणीत बसवला. मूठभर जुने खडेही तसेच नव्या खड्यांत मिसळले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. एकाच इमारतीत, थोड्या अंतरावर मासे हलवायचे असतील तेव्हा ही सावकाश पद्धत योग्य. लांबच्या प्रवासात तोंड बांधलेल्या पिशवीतून मासे आणले असतील, तर पिशवी टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान सारखे करावे आणि ती उघडल्यावर मात्र फार वेळ घालवू नये. बंद पिशवीत साठलेला अमोनिया पिशवी उघडताच अधिक जहाल होतो. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

अखेर त्याने वाडगा टाकीच्या पाण्यात कलता केला. पहिला मासा लगेच बाहेर पडला. दुसरा वाडग्यातच थांबला. मी सवयीने म्हणालो, “ढकल त्याला जरा.” मुलाने मान हलवून नकार दिला. पाण्याखाली वाडगा धरून तो तसाच उभा राहिला. हात भरून आला तेव्हा त्याने दुसऱ्या हाताचा आधार दिला, पण वाडगा हलू दिला नाही. बऱ्याच वेळाने मासा शेपटी हलवत सावकाश बाहेर आला, काचेच्या कडेकडेने एक फेरी मारली आणि पहिल्याच्या शेजारी जाऊन थांबला. दिवे आम्ही दुसऱ्या दिवशीच लावले. पुढचे दोन आठवडे रोज पाणी तपासले. दोन्ही मासे आजही आहेत. मधल्या काळात आणखी मासे आणून टाकी भरण्याचा मोह अनेकांना झाला. तेवढ्या पाण्यात दोन मोठे गोल्डफिश पुरेत, हे सांगून मी तो आवरत आलो.

त्याच जूनपासून आपल्या वसतिगृहाची प्रवेशाची पद्धत बदलली, हे जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. कारण त्यांना आज पहिल्यांदाच सांगतो आहे. नवी मुले आता शाळा सुरू होण्याच्या आठ दिवस आधी येतात आणि पहिले दोन दिवस पालक सोबत राहू शकतात. घरचे अंथरूण, पांघरूण मुलाजवळच राहते. पहिली सहामाही एका भागातली दोन मुले तरी एका खोलीत असतात. घरी फोन पहिल्या दिवसापासून. ऊसतोडीच्या हंगामात ज्यांचे पालक फडावर असतात, त्यांच्यासाठी रात्री उशिराची वेळ राखून ठेवली आहे. संस्थेच्या विश्वस्तांनी या बदलांना मान्यता देताना कारण विचारले, तेव्हा मी शिस्त, उपस्थिती वगैरे मुद्दे मांडले होते. माशांविषयी बोलायला संकोच वाटला. या बदलांनी सारे प्रश्न सुटले, असा माझा दावा नाही. मुले अजूनही रडतात, एखादे गेटपाशी बॅग घेऊन उभेही राहते. परंतु त्यानंतर कोणाला शोधायला मला स्वारगेटला जावे लागलेले नाही.

तो मुलगा दहावी होऊन येथून बाहेर पडला. पुढच्या शिक्षणासाठी तो आणखी मोठ्या टाकीत गेला आहे. निघताना त्याने माशांचे काम सहावीतल्या एका नव्या मुलाकडे सोपवले आणि स्पंज कसा पिळायचा ते त्याला दाखवून ठेवले: टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने, आणि कधीही पांढरा होईपर्यंत नाही.

ही स्मरणिका हाती पडल्यावर आपण शाळेत याल, तेव्हा अभ्यासिकेच्या दारापाशी जरूर थांबा. काचेवर टिचक्या मात्र मारू नका. सर्वांना सप्रेम जयभीम.